पोळ्या होईस्तोवर

तिवस्याच्या बसमध्ये नगमा मांडीवर वही धरून बसली होती. लोकांच्या घरात स्वयंपाक होईपर्यंत बसून त्यांचं एकमेकांशी वागणं टिपायचं, ही तिची नोकरी. पुढच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या आणि त्यातला एक आवाज तिनं महिनाभर ऐकलेला होता.

"तोंडावर पदर घेऊन काहून बसली वं, वनिता?"

"काई नाही, मावशी. माहेरी चालली. ती वहीवाली पोरगी येनं बंद झाली आता."

"तिचं काय त्यात?"

"ती घरात असली का हे हात उचलत नव्हते. पोराले मांडीवर घेत."

"मंग तिलेच सांगाचं ना!"

"हे समोरच बसून राहत. अन् तिले आमच्याशी बोलाची मनाई. पोळ्या झाल्या का ती उठून जाये. म्हनून मी कणीक मळतच राहो. निवडलेली भाजी पुन्हा निवडो."

"अन् काल?"

"काल तिचा शेवटचा दिवस. तीन तास लावले, मावशी. तरी पोळ्या झाल्याच."

नगमानं वही उघडली नाही. शेवटच्या पानावर तिनंच लिहिलं होतं : 'घरात भांडण दिसलं नाही. बाईला कामाचा उरक कमी.'