नवी सिस्टीम येईपर्यंत

(दुकानामागची खोली. भरतकामाचं मशीन चालू आहे, त्यामुळे तिघंही जरा मोठ्यानंच बोलतात.)

मुलगी: नाही बाबा, टाळाटाळ नको, सरळ उत्तर द्या. तुम्हाला मी जास्त आवडते की हा कॉम्प्युटर?

बाबा: हा कसला प्रश्न?

मुलगी: मैत्रिणींनी विचारायला लावलाय. पैज आहे! पटकन उत्तर दिलंत तर मी जिंकले, विचार करत बसलात तर त्या.

बाबा: थांब, निळा धागा संपत आलाय.

मुलगी: झालं! हरले! आई, ऐकलंस? निळ्या धाग्याच्याही मागे नंबर माझा.

आई: तुझा नंबर तरी लागला. मी अजून रांगेतच आहे.

बाबा: सुरू झाल्या दोघी. अगं, हा चालू आहे तोवर तू जास्त आवडतेस. बंद पडला की मग हा.

मुलगी: हे मी त्यांना जसंच्या तसं सांगणार आहे. बरं, आता खरा विषय. आमची बस परवा सकाळी निघते. आठवडाभर सामने. सरांना उद्या हो की नाही ते सांगायचंय. आणि बाबा, मी राखीव नाहीये, मुख्य गोलकीपर आहे! गेल्या वर्षी मी पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते, बाटल्या!

बाबा: म्हणून तर म्हणतो, पुढच्या वेळी बिनघोर जा. कॉम्प्युटरची नवी सिस्टीम आली की प्रश्नच मिटला.

आई: आली नवी सिस्टीम!

बाबा: या वेळी वेगळं आहे गं. कंपनीवाल्यांनी स्वतः जाहीर केलंय, जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालणार. खास सोय केलीय. मी टीव्हीवर तो कार्यक्रम पूर्ण बघितला.

आई: मीही बघितला, वाढता वाढता. एक माणूस निळा शर्ट घालून इकडून तिकडे फिरतो आणि लोक टाळ्या पिटतात. मागच्या वेळी शर्ट हिरवा होता. फरक तेवढाच.

बाबा: मागच्या वेळचं काढू नकोस.

आई: का नको? मोठ्या हौसेनं टाकलीत ना मागची सिस्टीम यात? पडदा काळा ठिक्कर. दवाखान्याच्या चादरी तशाच पडून. हिनं शाळा बुडवून सगळं जुनं परत बसवलं, तेव्हा कुठं सुई हलली.

मुलगी: आणि तेव्हापासून मी इथली किल्लेदार! दात घासायच्या आधी कॉम्प्युटरच्या मागे वाकायचं. त्या भरतकामाच्या प्रोग्रामची चावी मागे खोचलीय ना, जिच्याशिवाय तो उघडतच नाही, ती डावीकडे दाबून धरायची आणि पंख्याचा आवाज बदलला की सोडायची. लवकर सोडली की पडद्यावर ‘चावी सापडली नाही’. उशिरा सोडली तरी ‘चावी सापडली नाही’. अरे, माझ्या बोटाखाली आहे ती, आणि म्हणे सापडली नाही!

बाबा: तुझ्या हाताला ऐकते ती. माझ्यानं होत नाही.

मुलगी: मामाकडे राहायला गेले तर दुसऱ्या दिवशी फोन. ताप आला तर पांघरूण घेऊन इथं. मैत्रिणी म्हणतात, तुझं लग्न या डब्याशी झालंय.

बाबा: मग मी काय करू, तूच सांग. आठवडाभर मशीन बंद म्हणजे सगळे गणवेश अडकले.

मुलगी: रात्रंदिवस चालू ठेवा.

बाबा: तापतो. तापून बंद पडला की दिवसभर उठत नाही.

मुलगी: मग दुसरा प्रोग्राम घ्या.

बाबा: आणि नक्ष्या? आईनं काढलेली शाळांची चिन्हं, दवाखान्याचं, त्या बेकरीचा कोंबडा... सगळं याच प्रोग्रामात उघडतं. ज्यांनी तो केला, त्यांची कंपनी कधीच बुडाली. नवी चावी द्यायला कोणी उरलं नाही. म्हणून म्हणतो, येऊ दे ना एकदा नवी सिस्टीम.

मुलगी: बाबा, एक सांगू? रागवायचं नाही हं. आज शाळेतून येताना आमचा अख्खा कंपू घेऊन मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले होते.

बाबा: कशाला?

मुलगी: चौकशीला. नवी सिस्टीम आपल्या डब्यावर चढणारच नाही. नवाच कॉम्प्युटर लागतो. म्हटलं, दाखवा बघू. आणि मी आपली त्याच्या मागे जाऊन वाकले...

आई: तिथंही?

मुलगी: सवय! दुकानदाराला वाटलं, माझं काहीतरी पडलं. पण आई, चावी खोचायला तिथं जागाच नाहीये. ते लांबट, बारीक बारीक छिद्रांचं असतं ना, ते आता करतच नाहीत. सिस्टीम कितीही शहाणी येऊ दे, चावी घालणार कुठं?

आई: ऐकलंत?

बाबा: हं.

मुलगी: बाबा... तुम्ही दचकला नाहीत.

बाबा: ते मशीन जरा थांबव गं.

आई: थांबवलं. बोला.

बाबा: मला माहीत आहे ते.

मुलगी: कधीपासून?

बाबा: उन्हाळ्यापासून. चावी आणि कॉम्प्युटरच्या मधे जोडायची एक वायरही आणली होती. त्या वायरीतून प्रोग्राम चावी ओळखतच नाही. धाग्यांच्या खोक्यात तळाशी पडलीय.

आई: आणि तरी रोज जेवताना ‘सिस्टीम येतेय, सिस्टीम येतेय’?

बाबा: ती येतेय म्हटलं की कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. आणि तुला काय सांगणार होतो? की तुझं इतक्या वर्षांचं काम एका खिळखिळ्या चावीला लटकलंय?

आई: मला कळत नव्हतं असं वाटलं? त्या कोंबड्याचा पहिला टाका कुठं पडतो ते मी डोळे मिटून सांगेन. माझ्याच हातचं आहे, पुन्हा काढीन. वेळ लागेल, लागू दे. उन्हाळ्यात बोलला असतात तर आज निम्मं झालं असतं.

बाबा: बरं, काढ. पण तोवर?

आई: तोवर हाच डबा.

बाबा: म्हणजे पुन्हा हीच ना सकाळी! मग मी काय चुकीचं बोलत होतो? ऐक गं माझी शहाणी. एवढे सामने सोड. सरांना सांग, पुढच्या वेळी नक्की.

मुलगी: बाबा, गोलमध्ये उभी असते ना मी, तेव्हा तिन्ही बाजूंना जाळं असतं. तिथं कधी कोंडल्यासारखं होत नाही. पण इथं एक हात भिंतीला, एक चावीवर, पंखा कानाशी गुरगुरतोय... वाटतं, मी मोठी होईन, म्हातारी होईन, केस पिकतील, तरी इथंच वाकलेली असेन. कुणीतरी समोरून म्हणत असेल, थांब, नवी सिस्टीम येतेय.

बाबा: असं बोलू नये.

मुलगी: आणि मी रडत नाहीये. धाग्याचा भुसा गेलाय डोळ्यात.

आई: मला दाखव ती चावी.

बाबा: अगं, तुझ्याकडून चुकली तर?

आई: तर पुन्हा. हिनं सुरुवातीला कितीदा चुकवली, आठवतं? तुम्ही मागे उभं राहून टाळ्या वाजवायचात.

बाबा: तेव्हा लहान होती ती.

आई: मग माझ्यासाठीही वाजवा.

मुलगी: थांबा, दोघंही ऐका. ठरलंय माझं. सरांना मी हो सांगणार आहे आणि परवा बसमध्ये बसणार आहे. उद्या सकाळी चावी आई धरेल, पंखा तुम्ही ऐकाल. मी इथंच तुमच्या मागे उभी असेन, बाबा. पण हात पाठीशी बांधून.