गुडघा आणि नव्वद किलोमीटर

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून कंटाळलेल्या चिंगीचे कान शेजारी बसलेल्या काका-काकूंकडे लागले होते.

"नदीकाठानं जायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठानं घरी. नव्वद किलोमीटर फक्त!"

"हळू बोला हो! आत सायकलचं नाव काढलंत तर रविवार गेलाच समजा. सांगा बघू, गुडघा कधी दुखतो?"

"चढावर."

"जिना चढताना, म्हणा!"

"बरं बाई, जिना. पण तू येणारेस ना?"

"मग? पुलावरून तुम्हाला उचलून कोण आणणार? आणि डॉक्टरांनी विचारलंच, तर महिनाभर सायकलला हातसुद्धा लावला नाही म्हणायचं. उठा, नंबर आला."

दोघं साळसूद चेहरा करून निघाले. चिंगीला राहवेना.

"ओ काका, पँटचा पाय सायकलवाल्यांसारखा मोज्यात खोचलाय, तो आधी सोडा! काकू, तुमचापण!"