उन्हाळ्यात युरिया नाही

नाही म्हणजे नाही, साहेब. युरिया आहे, ही काय गोणी तुमच्या पायाशीच आहे, खोटं कशाला बोलू — पण लॉनसाठी देणार नाही, जूनमध्ये तर नाहीच नाही. भेंडीला न्या, मिरचीला न्या, हवा तेवढा न्या. लॉन म्हटलंत ना, तिथं घोडं अडलं. काय, पिवळं पडलंय? पडणारच की! इथं बरक्याच्या बाजारात, दुकानाच्या सावलीत उभा राहून मी पिवळा पडलोय, तिथं गवताची काय कथा. बसा, पंख्याखाली बसा. राहता कुठं? अल खौदला — कुठलं कंपाउंड? मागच्या भिंतीला लागून खजुराची बाग आहे, ते? अस्सं. मग तर बसाच तुम्ही.

त्या लॉनचा फोरमन मी होतो. हो हो, मीच, हा नंदू, जो आता दुसऱ्याच्या दुकानात गोण्या विकतोय. तुम्ही नवीन दिसता, तुम्हाला कुणी नियम सांगितला नसेल — का सांगूनही आलात? हसू नका. भिंतीपलीकडं ती बाग आहे ना, ती नसीबाअम्मांची. म्हातारी, एकटी, विहीर एकच — त्यावरच खजूर, त्यावरच शेळ्या. आणि इथली जमीन म्हणजे सगळी वाळू, वर टाकलेलं खत पाण्याबरोबर सरळ खाली, नि खाली म्हणजे कुठं? तिच्या विहिरीत! त्यात लॉनला येतं ते जांभळ्या पाइपाचं पाणी, सांडपाणी साफ करून सोडलेलं, त्यात खताचा अंश आधीच असतो. म्हणून कंपाउंडनं ठरवलं, उन्हाळाभर लॉनला खत बंद. नियम अर्बाबनं, म्हणजे आमच्या मालकानं केला, पण शब्द कुणी दिला? मी दिला. तिच्या दारात उभा राहून, माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत — अम्मा, नंदू आहे तोवर तुमच्या विहिरीची काळजी नको. तेव्हापासून हंगामातली पहिली खजुराची ताटली मला यायची, साहेब. अर्बाबला नाही, मला.

मग मी बाळकृष्णाला आणलं. माझा सख्खा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा, आमच्या गुहागरकडचा. व्हिसासाठी अर्बाबच्या किती विनवण्या केल्या ते माझं मला माहीत. माझ्या खोलीत राहिला, माझ्या हातचं जेवला — मामा, आमटी मस्त झालीय, मामा, अजून वाढा — गोड बोलण्यात हात धरणार नाही कुणी त्याचा! पण घाई फार. मी रोपं आणायला खाबुऱ्याला गेलो नि याला कुणा व्हिलावाल्या बाईंनी सांगितलं, आमच्याकडं पाहुणे येणारेत, गवत हिरवं दिसलं पाहिजे. झालं! काढली गोणी, नि टाकला. परत आलो, चार दिवसांनी बघतो तर गवत उठलेलं — पण कसं? कमानी कमानीनं! मधे पिवळं, नि त्यावर गडद हिरव्या कमानी. आता हे कशानं होतं? आपल्याकडं भाताला युरिया कसा टाकतात — चिखलात उभं राहायचं, मूठ भरायची, हात फिरवून फेकायची. खाचरात पाणी असतं, ते सगळीकडं पोचवतं. इथं वाळूत कोण पोचवणार? जिथं पडला तिथंच राहिला. नि सगळ्या कमानी एकाच अंगाला वळलेल्या, डाव्या हातानं फेकल्यासारख्या. आमच्यात डावखुरा एकच होता, साहेब.

पुढं काय? नसीबाअम्मांच्या हौदावर शेवाळ धरलं, शेळ्या तोंड लावेनात. ती गेटवर आली. अर्बाबनं आम्हा सगळ्यांना उभं केलं, म्हणाला, कुणी टाकलं? मी बोलून गेलो, फोरमन मी आहे, माझ्यावर घ्या. मला वाटलं, पोरगं घाबरलंय, आता बोलेल, मग बोलेल. अहो, बोलतोय कसला! चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभा. अर्बाब म्हणाला, नंदू, खलास. त्याचं मला काही वाटलं नाही — खोटं कशाला, वाटलं, पण तेवढं नाही. त्या म्हातारीनं मात्र माझ्याकडं बघितलं, नि पाठ फिरवून गेली. ते अजून जात नाही डोळ्यांसमोरून.

आणि स्टोअरची किल्ली कुणाला मिळाली, विचारा ना. बाळकृष्णाला! घेतली त्यानं, माझ्यादेखत. ताईनं व्हॉट्सअपवर फोटो पाठवला, फोरमनची टोपी घातलेला — वर लिहिते, नंदू, जागा घरातच राहिली, देव पावला. काय सांगू तिला? तुझ्या लेकानं माझा गळा कापला म्हणून सांगू? आजवर कुणाला बोललो नव्हतो. तुम्हाला का सांगत बसलोय कुणास ठाऊक. मला फोरमनकी नको, साहेब, काही नको. त्यानं एकदा त्या म्हातारीच्या दारात जाऊन म्हणावं — मामानं नाही, मी टाकलं. एवढंच. म्हणेल. रक्ताचा आहे, आज ना उद्या म्हणेल, इन्शाल्ला.

बरं, ते राहू द्या. अल खौदला काय दुकानं नाहीत? एवढ्या उन्हात बरक्यापर्यंत आलात — पाठवलं कुणी तुम्हाला?

कोण?

तो स्वतः तुमच्या लॉनला खत घालून देणार म्हणाला? रविवारी? आणि... काय म्हणाला? परत सांगा. मामांकडं जा, माझं नाव सांगा, मामा मला नाही म्हणायचे नाहीत — असंच म्हणाला? हसत म्हणाला?

ती गोणी सोडा, साहेब. हात काढा. त्याला सांगा — मामा म्हणाला, टाकायचाच असेल तर या खेपेला उजव्या हातानं टाक, आता तुझा दोष स्वतःवर घेणारा कुणी नाही तिथं.

नको, तेही नका सांगू. काहीच सांगू नका. उठा. दुकान बंद करतोय मी.