थर्माकोलचा बॉक्स

आमच्या लॅबमधल्या अँटिबॉडीचं तुम्हाला सांगितलंय का मी? पेशीच्या अंगावर कोलॅजनला धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं, ते ती नेमकं शोधून काढते. बाटली करंगळीएवढी, पण परळला यायची ती बर्फ भरलेल्या भल्यामोठ्या थर्माकोलच्या बॉक्समधून. बाटली आमच्या फ्रीजरमध्ये जायची आणि बॉक्स वरळी कोळीवाड्यात, आमच्या घरी. आई मासे विकायची ना, त्या बॉक्सवर तिचा भारी जीव. बाजारातला बॉक्स लगेच गळायला लागतो म्हणायची. त्यामुळे जेवायला बसलं की रोज एकच प्रश्न, "काय गो, तुमची बाटली सरली का नाय?"

"आई, एवढ्यात कशी संपेल? थेंब थेंब वापरतो आम्ही."

"मंग जरा सढळ हातानं वापरा की!"

परवा ऐन प्रयोगाच्या वेळी बाटली उघडली, तर आत थेंब नाही. सर असले भडकले! "पूर्वी तर संपायच्या आधीच मागवून ठेवायचीस. आता काय झालंय तुला?"

म्हटलं, "सर, तेव्हा रोज विचारायला आई होती."