सुनेची सही

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक सासू आणि तिची परदेशी सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर पोथीचे भाषांतर उघडे होते. परिचारिकेने त्यावरच संमतीपत्र ठेवले.

"सही करू नकोस. डोकं उघडणार म्हणे! आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारू."

"आई, तेवढा वेळ नाही. आपण आपलं काम करायचं, पुढचं आपल्या हातात नसतं."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं रोज पाठ म्हणतेय मी. तुम्ही लोक पोथी वाचता ती परीक्षेला बसल्यासारखी."

"मग तुम्हाला ठाऊकच आहे, आत्मा मरत नाही."

"आत्म्याचं तू बघ. मला माझा मुलगा चालत घरी यायला हवाय. नवरा आत आहे तुझा, काही वाटतं की नाही?"

"सकाळपासून हे एकच पान वाचतेय, आई. अक्षरही डोक्यात शिरत नाही."

"मग इतकी शांत कशी गं?"

"शांत नाही. मला पेन धरता येत नाहीये."

"बाई, लवकर करा. आत सगळे खोळंबलेत."

"थांबा हो सिस्टर, दोन मिनिटं. अगं, मग आधी नाही का बोलायचं? सरक इकडे. मनगट मी धरते. नाव मात्र पूर्ण लिही."