भाजीपुरते

थकलो बाप्पा, आधी चहा सांग. तलावातून कोणत्या घरच्या बाया किती मासोळ्या धरतेत, त्या सर्वेची फाईल तीन दिवसांपासून सॉफ्टवेअरमधे टाकून राह्यलो, अन् ते घ्यालेच तयार नाई. उद्या चंद्रपूरले रिपोर्ट द्याचा हाये. ॲड-ऑन बदलला, स्क्रिप्ट दोनदा नव्यानं लिवली. शेवटी कटाळून फाईलच उघडून पाह्यली, तं किलोच्या रकान्यात आकड्याच्या जागी घरोघर 'भाजीपुरते' लिवलेलं!

सर्वे करणाऱ्या वनिताबाईले धानोऱ्याले फोन लावला.

"बाई, हे काऊन लिवलं?"

"बायाइनं जे सांगतलं, तेच लिवलं, भाऊ."

"अवं, पण सॉफ्टवेअरले आकडा लागते. भाजीपुरते म्हंजे किती किलो?"

बाई म्हणे, "त्या सॉफ्टवेअरच्या घरी जेवाले किती जण हायेत?"