खळ्यावरच्या चार चकरा

गाडीचं तुमाले सांगितलंच नाई. उजवीकडे वळली की समोर कटकट वाजे. सावली गावचा मेकॅनिक म्हणे, "बाई, तुमाले वळवताच येत नाई. आता स्टिअरिंगच बदलावं लागन."

माझं डोकंच फिरलं. त्याले आमच्या खळ्यावर आणलं, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं अन् धानाच्या ढिगाभोवती गाडी हळूहळू फिरवत म्हटलं, "भाऊ, डाव्या चाकाजवळ कान देऊन चाला."

चौथ्या चकरेले तो घामाघूम होऊन वाकला. चाकामागच्या जॉइंटचं रबर फाटून ग्रीस गेलं होतं. "जॉइंट गेला, बाई. स्टिअरिंग चांगलं हाये."

दुपारी नवा जॉइंट बसवला अन् आवाज बंद. तो हात पुसून राह्यला होता, तं बाजेवरून माझे सासरे म्हणाले, "मळणी झाली ना, सूनबाई? आता बैलाले पाणी पाज."